सत्तर हजारांतला गेमिंग संगणक : दोन कोटेशनांपैकी कोणते घ्यावे?

कळवेकर (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून तिची शाखा इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन आहे. प्रवेश मिळाला तेव्हाच तिला संगणक घेऊन देण्याचे मी कबूल केले होते, परंतु मध्येच इमारतीच्या दुरुस्तीची वर्गणी भरावी लागल्यामुळे ते वर्षभर लांबले. आता ७०,००० रुपये बाजूला काढले आहेत. ते पैसे जमवायला वेळ लागला आहे, म्हणून ते योग्य ठिकाणी खर्च व्हावेत, एवढीच इच्छा आहे. संगणकावर अभ्यास होईलच, पण मला खेळायचेही आहे, असे ती मोकळेपणाने सांगते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळायचे, आणि जमल्यास सायबरपंक २०७७ सारखा एखादा मोठा गेम सुट्टीत पूर्ण करायचा, अशी तिची अपेक्षा आहे. मॉनिटर घेण्याची गरज नाही. टाळेबंदीच्या काळात कार्यालयीन कामासाठी घेतलेला २४ इंची मॉनिटर घरी आहे. त्याचे रिझोल्युशन १९२० × १०८० असून तो ७५ हर्ट्झचा आहे.

माझ्याकडे दोन कोटेशने आहेत. पहिले ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानाचे आहे. त्यात ‘आय७ प्रोसेसर, एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम, ४ जीबी एनव्हिडिया ग्राफिक कार्ड, २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, आरजीबी कॅबिनेट’ असे लिहिले आहे आणि किंमत ३४,००० रुपये आहे. मी फोन करून नेमके मॉडेल विचारले, तेव्हा प्रोसेसर आय७-३७७० आणि कार्ड जीटी ७३० असल्याचे सांगण्यात आले. दुसरे कोटेशन लॅमिंग्टन रोडवरचे, ६८,५०० रुपयांचे आहे. त्यात राइझन ५ ५६००जी, ए५२० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एक स्टिक, आरटीएक्स ३०५० ६ जीबी, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ‘५०० वॉट एसएमपीएस’ (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि समोर काच असलेले चार पंख्यांचे कॅबिनेट आहे.

निम्म्या किमतीत आय७ मिळत असताना दुप्पट पैसे देऊन राइझन ५ का घ्यावा, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावे, ही विनंती. आणि दुसरे कोटेशनच घ्यायचे असेल, तर त्यात बदलण्यासारखे काय आहे, हेही कळले तर बरे होईल.

ऐरोलीकर

नमस्कार कळवेकर. आपण फोन करून मॉडेल विचारलेत, हे फार बरे केलेत, कारण पहिल्या कोटेशनमधली खरी माहिती त्या दोन नावांतच आहे. ‘आय७’ हे प्रोसेसरच्या मालिकेचे नाव आहे. तो कोणत्या पिढीचा आहे हे त्यापुढच्या आकड्यावरून कळते. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, आणि ती २०१२ साली बाजारात आली. त्या काळी तो उत्तम प्रोसेसर होता, यात शंका नाही, परंतु आज बाजारात दिसणारे असे प्रोसेसर बहुधा कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांतले असतात. आज नावाने कनिष्ठ असलेला आय३-१२१०० हा चार कोअरचा प्रोसेसरही कामात त्याला सहज मागे टाकतो. वेगाच्या बाबतीत नावातला ७ आपल्याला काहीच देत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि एच६१ बोर्डावर यांतले काहीच नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही जण आडवाटेने अशा संगणकावर विंडोज ११ बसवून देतात, परंतु विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालण्यासाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू असावे लागतात, त्यामुळे तिथे गेम उघडणारच नाही. व्हॅलोरंट लिनक्सवरही चालत नाही. म्हणजे आपल्या मुलीची पहिली इच्छाच या ३४,००० रुपयांत पूर्ण होत नाही.

कार्डाचेही तसेच आहे. ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ हे वर्णन फसवे आहे, कारण कार्डावर मेमरी किती आहे यावरून त्याची ताकद ठरत नाही. जीटी ७३० हे २०१४ सालचे, मुख्यतः मॉनिटरवर चित्र दाखवण्यापुरते बनवलेले कार्ड आहे. ते ज्या केप्लर पिढीचे आहे, तिच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. त्यावर चार जीबी काय, आठ जीबी मेमरी लावली तरी सायबरपंक चालणार नाही. हे कोटेशन बाजूला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो.

दुसरे कोटेशन प्रामाणिक आहे, पण त्याची जोडणी विचारपूर्वक केलेली नाही. ५६००जी मधला ‘जी’ म्हणजे प्रोसेसरच्याच आत ग्राफिक्स आहे. ज्याला वेगळे कार्ड घ्यायचे नाही, त्याच्यासाठी तो प्रोसेसर आहे. त्या सोयीच्या बदल्यात त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्डाशी माहितीची देवाणघेवाण करणारा मार्ग) ३.० मिळते, तर साध्या राइझन ५ ५६०० मध्ये तेवढेच सहा कोअर असून कॅश ३२ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० आहे. गेममध्ये कॅशचा फरक जाणवतो. वेगळे कार्ड घेणारच असाल, तर ‘जी’ साठी पैसे का द्यावेत?

कार्डाच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात. जानेवारी २०२२ चे ८ जीबीचे कार्ड २५६० कोअर आणि १२८ बिट मेमरी बसचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे कार्ड २३०४ कोअर आणि ९६ बिट बसचे आहे. फरक केवळ दोन जीबीचा नाही, सगळे कार्डच हलके आहे. त्याच्या आसपासच्या किमतीत एएमडीचे आरएक्स ६६०० मिळाले तर तेच घ्यावे. ते ऑक्टोबर २०२१ चे आहे, ८ जीबीचे आहे, आणि १०८० रिझोल्युशनला ३०५० ६ जीबीपेक्षा सुमारे दीडपट फ्रेम देते. एनव्हिडियाकडे डीएलएसएस (कमी रिझोल्युशनचे चित्र मोठे करून फ्रेम वाढवणारे तंत्र) आहे, हे खरे; परंतु जे कार्ड मुळातच इतके मागे आहे, त्याला डीएलएसएस फार पुढे नेऊ शकत नाही, आणि एएमडीचे तशाच कामाचे एफएसआर तंत्र दोन्ही कार्डांवर चालते.

रॅम एका स्टिकमध्ये घेऊ नये. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती पोहोचवते. दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये लावल्या की ५१.२. दुकानदार ‘पुढे वाढवता येईल’ असे म्हणत असेल, तर त्याला चार स्लॉटचा बोर्ड आणि आठ-आठच्या दोन स्टिक द्यायला सांगा. मग आजही दोन चॅनेल मिळतात आणि पुढेही जागा राहते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले आहेत, म्हणून आता ३२ जीबीच्या मागे लागू नये. याच कारणासाठी मी एएमडीच्या प्रोसेसरांचे नवे सॉकेट, एएम५, सुचवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या त्या सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते, आणि या रकमेत त्याचा भार शेवटी कार्डावरच पडेल.

सुट्या भागांचे भाव आठवड्याला बदलतात, म्हणून आकड्यांऐवजी हिस्सा सांगतो. मॉनिटर घरी असल्यामुळे एकूण रकमेच्या तीस ते पस्तीस टक्के कार्डावर जाऊ द्यावेत. एसएमपीएसला कात्री लावू नये. त्याविषयी मात्र माझ्यापेक्षा अधिक अनुभव असलेल्यांनी लिहावे.

नौपाड्यातील दुरुस्तीकार

नमस्कार. गोखले रोडच्या परिसरात गेली अनेक वर्षे मी संगणक दुरुस्तीचे काम करतो, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या मृत बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांचे कारण एसएमपीएसमध्ये सापडते. म्हणून आपल्या दुसऱ्या कोटेशनमधली जी ओळ मला सर्वांत आधी खटकली, ती ‘५०० वॉट एसएमपीएस’ ही आहे. बाकी प्रत्येक वस्तूला कंपनी आणि मॉडेल आहे, हिला नाही.

एसएमपीएसच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॉटचा आकडा वाचू नये. त्याच्या बाजूला एक छोटा तक्ता असतो, त्यातला +१२ व्होल्टचा रकाना वाचावा, कारण आजच्या संगणकात प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. मागच्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या एका ‘५०० वॉट’च्या एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले होते. बाराने गुणा: १९२ वॉट. उलट चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर उपलब्ध असते. ‘८० प्लस’चे प्रमाणपत्र असावे, परंतु ते कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे. आतले भाग किती टिकाऊ आहेत, याची हमी ते देत नाही. ती वॉरंटीच्या वर्षांवरून बरीच कळते. पाच वर्षांची वॉरंटी देणारा ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस घ्यावा.

येथे एक गोष्ट लक्षात आणून देतो. आरटीएक्स ३०५० ६ जीबी हे ७० वॉटचे कार्ड आहे आणि बोर्डाचा स्लॉटच ७५ वॉटपर्यंत वीज देत असल्यामुळे त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचे आहे आणि त्याला आठ पिनची केबल लागते, जी स्वस्त एसएमपीएसला बहुधा नसते. दुकानदाराने तेच कार्ड का निवडले, याचे कारण मला त्या एसएमपीएसमध्ये दिसते. आपण ऐरोलीकरांचा सल्ला मानून फक्त कार्ड बदलून घेतलेत आणि एसएमपीएस तोच ठेवलात, तर दुकानात साटाच्या केबलला कन्व्हर्टर जोडून काम भागवले जाईल. साटाचा तो कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरताच बनवलेला असतो. मी असे वितळलेले कनेक्टर पाहिले आहेत. म्हणून कार्ड आणि एसएमपीएस हे दोन्ही एकत्रच बदलावेत.

दुसरी गोष्ट घरातली आहे. कळवा, खारेगाव, नौपाडा येथील जुन्या इमारतींमध्ये तीन छिद्रांचे सॉकेट असते, परंतु वरच्या मोठ्या छिद्रामागे अर्थची तार जोडलेली असतेच असे नाही. एसएमपीएसमध्ये वीज जिथे शिरते, तिथे विद्युत गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, आणि ते फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किंचित गळती जमिनीत निघून जाते. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्या दाबावर राहतो, आणि पंखा पुसताना किंवा मागे पेन ड्राइव्ह लावताना हाताला झिणझिण्या येतात. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे माणसाला सहसा इजा होत नाही, परंतु संगणक चालू असताना एचडीएमआयची वायर लावली-काढली की त्या दाबाचा फटका पोर्टला बसू शकतो. लोक याला ‘मॉनिटर खराब झाला’ असे म्हणतात आणि नवा मॉनिटर आणतात. संगणक घरी येण्याआधी वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या जवळपास, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट येतात का, हे मीटरने तपासून घ्यावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

यूपीएस लगेच घ्यायलाच हवा असे नाही, पण पावसाळ्याआधी घ्यावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटपर्यंतच भार उचलतो. गेम चालू असताना हा संगणक आणि मॉनिटर मिळून ३०० वॉटच्या पुढे जाऊ शकतात, त्यामुळे वीज जाण्याच्या क्षणीच तो बंद पडण्याची भीती राहते. १,००० ते १,१०० व्हीएचा घेतलात तर काम सेव्ह करून शांतपणे बंद करण्याइतका वेळ मिळतो.

नेरुळची विद्यार्थिनी

नमस्कार काका. मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वरच्या दोन्ही उत्तरांमधल्या बहुतेक गोष्टी मला पटतात. तरी कार्डाविषयी आणि प्रोसेसरविषयी मला थोडे वेगळे सांगायचे आहे.

तुमच्या मुलीला मशीन लर्निंगचे प्रकल्प करायचे असतील, तर एएमडीचे कार्ड घेण्यापूर्वी तिला नक्की विचारा. त्या क्षेत्रातली बहुतेक साधने कुडावर (कार्डाकडून गणिती काम करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरवर) चालतात आणि कुडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालते. आरएक्स ६६०० साठी एएमडीच्या आरओसीएम या तशाच सॉफ्टवेअरचा अधिकृत पाठिंबा नाही. माझ्या मैत्रिणीने गेमची तुलना पाहून एएमडीचे कार्ड घेतले आणि प्रकल्पासाठी तिला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत थांबावे लागले. अशी गरज असेल तर ३०५० चे ८ जीबी कार्ड किंवा, रक्कम थोडी वाढवता आली तर, जुलै २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०५० पाहावे. तेही ८ जीबीचे आणि १३० वॉटचे आहे. गरज नसेल तर माझाही कल आरएक्स ६६०० कडेच आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत ऐरोलीकर काकांनी ‘जी’ साठी पैसे का द्यावेत असे विचारले आहे, त्याला माझ्याकडे एक उत्तर आहे. गेल्या वर्षी माझे ग्राफिक कार्ड वॉरंटीत असताना बंद पडले. ते सर्व्हिस सेंटरला गेले आणि तीन आठवड्यांनी परत आले. माझ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नव्हते, त्यामुळे तेवढे दिवस पडद्यावर एक अक्षरही दिसत नव्हते, आणि तो सबमिशनचा महिना होता. राइझन ५ ५६०० मध्ये आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ आहे त्यांत अंतर्गत ग्राफिक्स नसते. ज्या घरात दुसरा संगणक नाही, तिथे ही उणीव किरकोळ नाही.

यावर उपाय म्हणून मी आय५-१२४०० सुचवते, मागे ‘एफ’ नसलेला. त्यातही सहाच कोअर आहेत, पीसीआय एक्सप्रेसचा वेग कमी केलेला नाही, कॅश १८ एमबी आहे, आणि आत यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे. त्यावर गेम नीट चालणार नाहीत, पण अभ्यास, प्रकल्प आणि व्हिडिओ थांबणार नाहीत. त्याच्याबरोबर डीडीआर४ चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड घ्यावा. एकाच बी७६० नावाखाली डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकार विकले जातात, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून बोर्डाचे पूर्ण नाव वाचूनच पैसे द्यावेत. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांमध्ये अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा जो प्रश्न आला होता, तो बाराव्या पिढीत नाही.

ऐरोलीकर

विद्यार्थिनींचा मुद्दा मला मान्य आहे. मी कामाच्या ठिकाणी असतो तेव्हा हाताशी दुसरे कार्ड असते, त्यामुळे कार्ड दुरुस्तीला गेल्यावर घरी काय होते याचा विचार मी केला नव्हता. शिवाय मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ७५ पेक्षा अधिक फ्रेम तो दाखवूच शकत नाही. अशा स्थितीत १२४०० आणि ५६०० यांच्यातला गेममधला फरक पडद्यापर्यंत पोहोचणार नाही. आय५-१२४०० चा पर्याय मी माझ्या पर्यायापेक्षा वर ठेवतो.

एवढेच सुचवतो की १ टीबीऐवजी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेऊन उरलेले पैसे बोर्ड आणि एसएमपीएसकडे वळवावेत. एसएसडी वर्षभराने दुसरी लावता येते. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संगणक उघडावा लागतो. कॅबिनेटही समोर काच असलेले नको, जाळी असलेले हवे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतले तापमानच ३३-३४ अंशांवर असते, आणि समोर काच असली की चार पंखे दिवे लावून तीच गरम हवा आतल्या आत फिरवत राहतात. जाळीचे कॅबिनेट आणि दोन पंखे पुरेसे आहेत.

कळवेकर

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी हे सर्व मुलीला वाचायला दिले. तिच्या म्हणण्यानुसार पुढच्या वर्षी त्यांना एफपीजीएचा (हवे तसे सर्किट बनवता येणाऱ्या चिपचा) विषय आहे आणि त्यासाठी व्हिवाडो हे सॉफ्टवेअर लागते; मॅटलॅब आत्ताही लागते. मशीन लर्निंगचा एखादा छोटा प्रकल्प आला तर तो गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गुगलच्या संगणकांवर, करता येईल, असे तिला वाटते. या परिस्थितीत एनव्हिडियाचा आग्रह धरावा का? आणि जुने वापरलेले कार्ड घेऊन पैसे वाचवावेत, असे माझ्या भाच्याने सुचवले आहे. त्याविषयीही मत हवे आहे.

नेरुळची विद्यार्थिनी

मग एनव्हिडियाचा आग्रह नको, काका. व्हिवाडोचे सिंथेसिस (लिहिलेल्या कोडचे सर्किट बनवण्याचे काम) प्रोसेसर आणि रॅमवर चालते, कार्डावर नाही, आणि मॅटलॅबमधली नेहमीची कामेही तशीच आहेत. चार स्लॉटचा बोर्ड मात्र नक्की घ्या, कारण तिच्या तिसऱ्या वर्षात रॅम वाढवावीशी वाटण्याची शक्यता आहे. छोट्या प्रकल्पाला कोलॅब पुरते.

नौपाड्यातील दुरुस्तीकार

वापरलेल्या कार्डाविषयी मी सांगतो. बाजारात सर्वाधिक दिसणारे वापरलेले कार्ड म्हणजे आरएक्स ५८०. ते २०१७ चे आहे, १८५ वॉटचे आहे, आणि यांतली पुष्कळ कार्डे इथेरियमच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस चाललेली आहेत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली आणि ती कार्डे एकदम बाजारात आली. त्याच नावाने २३०४ ऐवजी २०४८ कोअरचे हलके कार्डही विकले जाते. जीटीएक्स १०६० ज्या २०१६ च्या पिढीतले आहे, तिच्यासाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ज्याला उघडून थर्मल पॅड बदलता येतात आणि जो एक कार्ड वाया गेले तरी दुसरे घेऊ शकतो, त्याने वापरलेले कार्ड घ्यावे. आपण वॉरंटीचेच घ्या.

खरेदीच्या दिवसाविषयीही थोडे सांगतो. बिल जीएसटीचे पक्के घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. कच्च्या बिलावर काही रुपये कमी होतात, पण कार्ड बंद पडल्यावर ते कुठून घेतले हेच सिद्ध करता येत नाही. दुकानात संगणक चालू करून सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड या दोन मोफत प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर, रॅमचे दोन चॅनेल आणि कार्डाचे नाव बघून घ्यावे. विंडोज ‘टाकून देऊ’ असे म्हटले, तर परवान्याची किंमत वेगळी विचारावी. परत येताना ग्राफिक कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात ठेवायला सांगावे, कारण लोकलच्या आणि रिक्षाच्या धक्क्यांत जड कार्ड बोर्डाचा स्लॉट ओढते. ग्रँट रोडहून दादरला गाडी बदलून येणार असाल, तर दुपारी दोनच्या आसपास निघावे; संध्याकाळच्या गर्दीत मालडब्यातही कॅबिनेटचे खोके घेऊन उभे राहता येत नाही.

कळवेकर

शनिवारी मुलीला बरोबर घेऊन खरेदी करून आलो. आय५-१२४००, डीडीआर४ चा चार स्लॉटचा बी७६० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, आरएक्स ६६००, ५०० जीबी एसएसडी, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस आणि जाळीचे कॅबिनेट असे सगळे मिळून ७१,२०० रुपये झाले. विंडोजचा परवाना वेगळा घेतला. पहिल्या दुकानाने जुळवून घेण्यास नकार दिला, दुसऱ्याने एसएमपीएस सोडून सर्व बदलायची तयारी दाखवली, म्हणून तिसऱ्याकडून घेतले. त्याच्याच टेबलावर १२ व्होल्टचा रकाना वाचला, तिथे ४५ अँपिअर होते.

घरी आणल्यावर दोन गोष्टी आढळल्या, त्या इतरांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो. रॅम ३२०० ची असूनही टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसत होती. मुलीने बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग वापरण्याची सोय, चालू केल्यावर ती ३२०० झाली. आणि मॉनिटरची वायर मी नकळत बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टला लावली होती, त्यामुळे पहिला तासभर गेम प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर अडखळत चालत होता. वायर कार्डाच्या पोर्टला लावल्यावर आणि विंडोजमध्ये ६० च्या जागी ७५ हर्ट्झ निवडल्यावर तो सुरळीत चालू लागला. टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू आहेत, आणि व्हॅलोरंट उघडले.

अर्थिंग तपासायला वायरमन शुक्रवारीच येऊन गेला होता. टेबलाजवळच्या सॉकेटमागे हिरवी तार होती, पण ती कशालाही जोडलेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या सॉकेटमागेही तेच निघाले. दोन्ही जोडून घेतल्या. यूपीएस ११०० व्हीएचा ठरवला आहे, तो पुढच्या पगारानंतर घेईन.